आपोआप उघडणारं पान

फेब्रुवारी लागला की मला नकोसं होतं. बंगळूरच्या लोकांना या दिवसांत गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात, ते भर रस्त्यात थांबून फोटो काढतात. मला शाळेच्या फाटकाशी उभी असलेली पांढरी जीप दिसते. नसली तरी दिसते. आनेकलकडच्या ज्या गावात माझी शाळा आहे, तिथं याच सुमारास चिंचा झोडपतात. दारोदार चिंच वाळत पडलेली असते. तो आंबट वास खिडकीतनं वर्गात आला की माझं बोट हजेरीपटावरून फिरायला लागतं. कोण वाचतं, कोण वाचत नाही, कुणाला मागच्या बाकावर बसवायचं. तपासणीचा हंगाम आलेला असतो.

मी सरकारी प्राथमिक शाळेत मास्तरीण. आता कागदोपत्री मुख्याध्यापिका, पण आमच्यासारख्या लहान शाळेत मुख्याध्यापिका म्हणजे वर्गही घ्यायचा आणि वर फॉर्मही भरायचे. माहेर निपाणीचं. घरात मराठी आणि शाळेत कन्नड असं लहानपणापासून चाललंय, त्यामुळं रागावते मराठीत आणि समजावते कन्नडमध्ये. राहायला राजाजीनगरला. मेट्रो बदलून बोम्मसंद्र्यापर्यंत जाते, पुढं बस. येत्या मे महिन्यात रिटायर होणार. घरी सगळे म्हणतात, सुटलीस. मलाही सुटायचंच होतं हो, पण या फेब्रुवारीनं घात केला.

आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याचं एक तरुण जोडपं आलंय, दोघंही आयटीत. त्यातला अद्वैत मध्यंतरी लिफ्टमध्ये भेटला. मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनसाठी पळापळ चालली होती, वैतागलेला होता. म्हणाला, "काकू, तुम्ही इतकी वर्षं आतमध्ये आहात, ऑनेस्टली सांगा. या सरकारी शाळा सुधारू शकतात का हो? म्हणजे सगळी सिस्टिमच, देशभरातली?" दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत देशाच्या शिक्षणाचा निकाल लावायचा होता बिचाऱ्याला. मी "बघू या" म्हणाले आणि चपला वाजवत बाहेर पडले. पण मेट्रोत बसल्यावरही तो प्रश्न डोक्यातनं जाईना. या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं झालं तर एका पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांनासुद्धा नाही.

वीस-बावीस वर्षं झाली. याच शाळेत मी नवी होते, आम्ही तेव्हा आनेकललाच भाड्यानं राहायचो. मुख्याध्यापिका होत्या सरोजाक्का. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू, सगळ्या शाळेला आईसारख्या. तपासणीच्या आधी आठवडाभर त्यांनी मला बोलावलं. टेबलावर तिसरीचं कन्नडचं पुस्तक होतं. त्यांनी ते सातव्या धड्यावर उघडलं, दोन्ही बाजू मागं दुमडल्या, पाठीवर अंगठा घासला. शिवण करकर वाजली. मग तसंच उघडं पुस्तक पालथं घालून त्यावर शाळेची घंटा ठेवली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, चांगला जड. "आठ दिवस राहू दे," त्या म्हणाल्या. "मग कुणीही उचललं तरी हेच पान उघडतं. साहेबांना वाटतं, आपणच निवडलं."

मी बावळटासारखी विचारलं, "आणि मुलं?"

"मुलांकडनं पाठ करून घे की. स्वल्प आठ ओळी आहेत. बोट फिरवायला शिकव."

मी शिकवलं. देवा शपथ सांगते, त्या आठ दिवसांत जितकं मन लावून शिकवलं तितकं नंतर कधी शिकवलं नसेल. धडा बाजाराचा होता. आज सोमवार. रंगम्मा बाजाराला निघाली. तिच्या टोपलीत वांगी होती. उन्हाच्या तिरपीत मुलं रांगेनं उभी राहायची, खोलीत खडू, घाम आणि चिंचेचा वास, आणि सगळ्यांच्या तोंडी रंगम्मा. शब्दाला बोट कुठं टेकवायचं, ओळ संपली की बोट डावीकडं कसं आणायचं, मध्येच जरा अडखळायचं कसं, तेसुद्धा शिकवलं. न अडखळता वाचलं तर साहेबांना संशय येतो, हे सरोजाक्कांचं. सगळ्यांत छान जमायचं महादेवीला. तिचे आई-बाप विजापूरकडनं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आलेले. नऊ वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या, डोळे हे एवढे. तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. पण "वांगी" म्हणताना ती अशी काही अडखळायची की मलाच वाटायचं, आली हिला वाचायला.

साहेब आले. घाबरून माझे तळपाय ओले झाले होते, चपलेत पाय सटकत होते. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, अंगठा सरकवला, पान उघडलं. सातवा धडा. मी महादेवीला उभं केलं. पोरीनं सुरू केलं, बोट बरोबर, आवाज खणखणीत. आणि चार ओळी झाल्या असतील, साहेबांनी, का कोण जाणे, मध्येच पान उलटलं.

महादेवी थांबली नाही. तिनं बघितलंच नाही. नव्या पानावर वरच्या अर्ध्या भागात गाईचं चित्र होतं. तिचं बोट गाईच्या पोटावरून सरकत होतं आणि तोंडातनं वांगी चालली होती, टोपली चालली होती, गिऱ्हाईक भाव करत होतं. गाईच्या शेपटीपाशी बोट डावीकडं आणलं तिनं, मी शिकवल्यासारखं. वर्गात कुणी हसलं नाही. मुलांना तरी काय माहीत होतं त्यात हसण्यासारखं!

साहेबांनी चित्राकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तुंबा चन्नागिदे." फार छान. महादेवीच्या डोक्यावर हात ठेवला. शहाळं प्यायले आणि रजिस्टरात लिहून गेले: सर्व मुले वाचतात.

त्या दिवशी मी सुटकेनं रडले. घरी शिरा केला, शप्पथ! मला वाटलं, किती भला माणूस, बघून न बघितल्यासारखं केलं. फार उशिरा कळलं की तोही घाबरलेला होता. त्यानं "वाचत नाहीत" असं लिहिलं असतं तर त्याच्या वरच्यानं बैठकीत सगळ्यांसमोर त्याला उभं केलं असतं, आणि त्या वरच्याला आणखी कुणीतरी. पोर मला भिते, मी सरोजाक्कांना, सरोजाक्का साहेबांना, साहेब मोठ्या साहेबांना. ही भीतीची शिडी कुठवर जाते ते मला माहीत नाही, मी खालच्या पायरीवरची. पण तिच्यावरून खरं काही वर चढत नाही एवढं बघितलंय. वरनं खाली मात्र सगळं येतं. भिंती रंगवायचा हुकूम येतो, नवी पुस्तकं येतात, ट्रेनिंग येतं, टॅब येतात, पुन्हा भिंती रंगवायचा हुकूम येतो.

आता यात खरी मेख ऐका. त्या तपासणीच्या आधी महिनाभर मी एक अर्ज दिला होता. आमच्याकडं निम्मी मुलं कारखान्यातल्या लोकांची, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या तमिळ, वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात. यांना वाचन शिकवायला एक जादा शिक्षक द्या, असं लिहिलं होतं. मार्चमध्ये उत्तर आलं. तपासणी अहवालानुसार आपल्या शाळेतील सर्व मुले वाचतात, सबब जादा शिक्षकाची आवश्यकता दिसून येत नाही. तो कागद हातात घेऊन मी व्हरांड्यात आले. समोर महादेवी चिंचेचा आकडा चोखत बसली होती. मला बघून हसली. मी मदत मागितली होती, आणि मदत नको हेही मीच बोट धरून लिहून घेतलं होतं.

सरोजाक्का रिटायर झाल्या. माझी बदली झाली, दुसऱ्या शाळा झाल्या, परत बदली होऊन मी इथंच आले. पुस्तक मध्यंतरी तीनदा बदललं. रंगम्मा गेली, तिच्या जागी पोस्टमन आला, आता बसचा धडा आहे. घंटाही आता विजेची झाली. रुळाचा तुकडा मात्र ऑफिसच्या कोपऱ्यात आहे. दर फेब्रुवारीत तो आपली जागा सोडून टेबलावर येतो, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. त्या साहेबांसारखंच की.

यंदा संक्रांतीनंतर एके दिवशी शाळा सुटताना एक बाई आली. अंगावर कारखान्याचा निळा कोट, केसांना जाळी, बरोबर आमच्याच तिसरीतली चैत्रा. चैत्राची आई महादेवी, हे मला ठाऊक होतं. इतके दिवस फाटकाशी नुसतं "बरं आहे ना?" एवढंच व्हायचं, मीच जास्त थांबायची नाही. आमचं बोलणं कन्नडमधलं, इथं मराठीत लिहिते.

"मिस, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"ही वाचत नाही."

मी तोंडभर हसले. आमचं धंद्यातलं हसू ते, पालकांसाठी राखलेलं. "अगं, वाचते की! शिल्पा मिस सांगत होत्या, छान वाचते."

"नाही मिस." महादेवीनं मान हलवली. "मला वाचता येत नाही, पण एवढं कळतं. ही घरी पुस्तक घेऊन बसते, बोट फिरवते, आणि माझ्या तोंडाकडं बघते. बरोबर चाललंय का, ते माझ्या तोंडावर शोधते. मीपण तशीच तुमच्या तोंडाकडं बघायची."

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात कुणाला हार जात नाही. पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती घाबरलेली होती. मग तिनं सांगितलं की पॅकिंगच्या खात्यात तिला वरची जागा देणार होते. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर एक नोटीस हातात दिली, वाच म्हणाला. "मिस, मला ना, घाबरलं की अजून तेच येतं. मी म्हणायला लागले, आज सोमवार, रंगम्मा बाजाराला निघाली. सगळे हसले. मला थांबताच येईना."

बावीस वर्षं ती बाई माझ्या आठ ओळी तोंडात घेऊन हिंडत होती.

"हिचं तसं करू नका मिस," ती म्हणाली.

चैत्रा खाली बसून दप्तराचा पट्टा चावत होती. दोन घट्ट वेण्या.

तपासणीला आठवडा उरला तेव्हा मी ऑफिसात शिरले आणि रुळाचा तुकडा टेबलावर दिसला. खाली तिसरीचं पुस्तक, पालथं. शिल्पा बाजूला तक्ते भरत होती. गुणी पोरगी, तीन वर्षं झाली लागून, तीन इयत्ता एकटी सांभाळते. मी म्हणाले, "शिल्पा, हे काय?"

ती गोंधळली. "मॅडम, बसचा धडा. मागच्या वर्षी तुम्हीच पान काढून दिलं होतं ना?"

काढून दिलं होतं. नुसती बघत नव्हते मी. मघाशी लिहिलं ते थोडं बरं दिसावं म्हणून लिहिलं.

मी म्हणाले, यंदा नको. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, वाचत नाहीत असं लिहून गेलं तर? पलीकडच्या मोठ्या शाळेत आपली शाळा जोडणार म्हणतात. त्यांना कारणच पाहिजे. मुलं हायवे ओलांडून जाणार का? पोरी तर घरीच बसतील. आणि तुमचं रिटायरमेंट तोंडावर, तुम्हाला नोटीस निघाली तर कागद अडकतील." पोरगी एक शब्द खोटं बोलत नव्हती. खरं सांगितलं तर शिक्षक मिळेल याची खात्री कोण देणार? कुलूपही मिळेल. अद्वैतला वाटतं, सुधारायचं म्हणजे काहीतरी नवीन आणून बसवायचं. इथं खरी गोष्ट नुसती कागदावर लिहायची म्हटली तर शाळेचं छप्पर जातं की राहतं याची धास्ती. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. मेट्रोत माझं स्टेशन दोनदा चुकलं. तुकडा उचलून कोपऱ्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी स्वतःच परत पुस्तकावर ठेवला, मग परत उचलला. शिल्पा बघत होती.

यंदा साहेबांऐवजी मॅडम आल्या. तरुण, चष्मा, हातात टॅब आणि रजिस्टर दोन्ही. तिसरीत गेल्या, टेबलावरचं पुस्तक उचललं. चार-पाच दिवसांचा दाब बसलेलाच होता. अंगठा सरकला आणि बसचा धडा उघडला. "कोण वाचणार?" त्यांनी चैत्राकडंच बोट केलं. पहिल्या बाकावर बसली होती ना, शिल्पानं बसवलेली.

चैत्रा उठली. पुस्तक हातात घेतलं, बोट टेकवलं, आणि माझ्याकडं बघितलं. ते डोळे मी ओळखत होते.

मी मध्येच बोलले. "मॅडम, ते पान नको. दुसरं कुठलंही काढा. ते पाठ करून घेतलंय."

शिल्पाच्या हातातला खडू खाली पडला. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर तेच आलं जे तेव्हा साहेबांच्या आलं असेल. आता लिहावं लागणार. त्यांनी पुस्तक घेतलं, पुढचं एक पान काढलं, परत दिलं.

चैत्रा पानाकडं बघेना, माझ्याकडंच बघत राहिली. ओठ हलवून मदत करावी असं इतकं वाटलं मला की दात आवळून धरले. आणि मग मी तिच्याकडं पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. भिंतीवर फळांचा तक्ता होता, त्यातलं सीताफळ मला अजून दिसतं. मागं काहीच आवाज नव्हता. पोर रडेल आता, मनात आलं. कसली राक्षसीण मी, वर्षभर शिकवलं नाही आणि आज चव्हाट्यावर उभी केली. बराच वेळ गेला.

"दो," मागनं आलं. परत काही नाही. "दो... णी." मग एकदम, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "दोणी!"

दोणी म्हणजे होडी. त्यापुढं तिला काही आलं नाही. आणखी पाच-सहा मुलांना उभं केलं, त्यातल्या दोघांना एक-एक ओळ जमली, बाकीची गप्प राहिली.

मॅडमनी रजिस्टर लिहून माझ्यापुढं सरकवलं. सही करायची होती. इतकी वर्षं मुलांना वाच, वाच म्हणणारी मी, मला ती ओळ वाचवेना. चष्मा पुसला, परत घातला. तिसरीतील बहुतेक मुलांना वाचता येत नाही. मुख्याध्यापिकांनी हे स्वतः निदर्शनास आणून दिले. शिक्षकाची तातडीने गरज. मी सही केली, अक्षर वाकडंतिकडं आलं. जाताना मॅडम फाटकाशी थांबल्या, हळूच म्हणाल्या, "हे वर गेल्यावर काय होईल ते मला माहीत नाही हं." मी म्हणाले, "सरी." बरं. दुसरं काय म्हणणार?

मार्च लागलाय. वरनं अजून काही आलेलं नाही. शिक्षक नाही, कुलूप नाही, नोटीस नाही. ऑफिसचा फोन वाजला की शिल्पा आणि मी एकमेकींकडं बघतो. अद्वैत लिफ्टपाशी दिसला की मी जिन्यानं जाते. त्याला काय सांगू, मला अजून भीती वाटते एवढंच सांगता येईल.

शाळा सुटल्यावर मी तासभर थांबते. चैत्रा थांबते, आणखी सहा-सात मुलं थांबतात, आणि पहिली पाळी संपवून महादेवी येते. लहान बाकावर गुडघे मुडपून लेकीशेजारी बसते. पहिल्या दिवशी पुस्तक मी तिच्यापुढं ठेवलं. ठेवता ठेवताच ते फडफडलं आणि आपोआप बसच्या धड्यावर उघडलं. शिवणच तशी मोडली आहे, ते आता जन्मभर तिथंच उघडणार.

महादेवीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बघितलं. ते पान मिटलं, दुसरं एक उघडलं, आणि परत मिटू नये म्हणून त्यावर तळवा दाबून धरला. दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"मिस," ती म्हणाली, "हे काय आहे?"